रेणूचे डोळे काऊन गेले

बसा, बसा सगळे. माईक राहू द्या, माहा आवाज तसाच मोठा आहे. जमलेले भाऊ, बाया, बचतगटाच्या ताया, तुमी सुनंदासाठी आले. सुनंदा माही लहान बहीण. तापानं गेली. तिच्या फोटोले हार घालून मी बोलावं, असं काम कोणत्याच भावावर येऊ नोये. पण आज नाई बोललो तं मंग कधी बोलू?

आताच सरपंचभाऊ म्हणाले, सुनंदा लय सहनशील होती. खरं आहे. पण भाऊ, सहन कोणाले केलं तिनं? तुमाले. आमाले. ह्याच समाजमंदिरासमोरून ती पोरीचा हात धरून जाये, अन् मागून कोणीतरी म्हणेच, "पोटुशी असताना ग्रहणात मासोळी कापली, म्हणून पोरगी आंधळी झाली."

हो, कापली. ग्रहण सुटल्यावर पंगत बसणार होती, अन् टोपलंभर मासोळी दारात येऊन पडली होती. विळी तिच्याच हातात दिली. ती मासोळी खाल्ली कोणी? गावानंच नं? तुमाले कोणाले नाई लागलं ते ग्रहण?

परवा रेणूनं मले विचारलं, "मामा, आईनं मासोळी कापली म्हणून मले दिसत नाई का?" पाच वर्षांची पोरगी. आई गेली, अन् तिच्या डोक्यात हे राह्यलं. माहं काळीज जळून राह्यलं, म्हणून बोलतो. पोरगी पुढं आजीजवळ बसली आहे. रेणू, आईक बेटा.

रेणू सातव्या महिन्यातच झाली. ओंजळीत मावंल एवढी. श्वास घेता येत नोयता. दवाखान्यात ऑक्सिजन लावला म्हणून ती आज इथी आहे, हे मी पयले सांगतो. पण ऑक्सिजनलेही माप असते. तिथी मापाची मशीन बंद होती. अन् ते कोरोनाचं साल. ऑक्सिजनवाचून माणसं मरताना आपण पाह्यले होते. मंग आपण सिस्टरच्या मागं लागलो, "कंजुशी नोका करू बाई, पूर्ण सोडा." सुनंदाच्या सासू, ह्या मावशी म्हणाल्या, शेजारी म्हणाले, अर्ध्या गावानं फोन करून म्हणलं. सिस्टर नाई-नाई म्हणत होती. शेवटी वाढवला.

मी ऊर्जानगरात गॅस कटिंग करतो. ऑक्सिजन बेतानं सोडला तं लोखंड जुळते. जास्त सोडला तं तेच लोखंड कापल्या जाते. तरी मले नाई सुचलं, की लेकराच्या डोळ्यातही असं काही होत असंल. मंग डोळ्याच्या डॉक्टरीणबाईनं समजावलं. कच्च्या लेकराच्या डोळ्यातल्या शिरा अर्ध्याच वाढल्या असतात. जास्त ऑक्सिजननं त्या शिरांच्या पेशी मरतात, वाढ थांबते. पुढं पडद्याले रक्त कमी पडते, मंग वेड्यावाकड्या नव्या शिरा फुटतात अन् पडदा ओढून काढतात.

आईका, अजून आईका. तरी वेळ होता! सुट्टी देताना सिस्टरनं सुनंदाले सांगतलं, महिन्याच्या आत डोळे दाखव, वेळेवर लेझर मारला तं डोळे वाचू शकतात. सुनंदानं ते गाठीले बांधलं. लेकरू फडक्यात गुंडाळून ती दारात आली. अन् आपण काय म्हणलं? "एकदा घरात घेतलं की सव्वा महिना झाल्याबिगर बाळंतीण उंबरा ओलांडत नाई." बाया दारात आडव्या झाल्या. जावई, रेणूचे बाप, मान खाली घालून उभे. ती पाया पडली, रडली, अन् लेकरू घेऊन मागं फिरली.

सव्वा महिना झाला. घुगऱ्या वाटल्या. मंग गेलो आमी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उशीर झाला. काऊन नाई आणलं आधी?" सुनंदानं सासूचं नाव नाई घेतलं, गावाचं नाई घेतलं. ज्या एका बाईले जायचं होतं, तिच्याच माथी तुमी दोष मारला. अन् आता म्हणता, सहनशील होती!

मावशी, तुमच्यावर माहा राग आहे. खोटं कशाले बोलू? तुमीही नातीसाठी जीव टाकला, ते मले दिसते. तरी राग जात नाई.

आता सरपंचभाऊ दोन मिनिटं उभं राहा म्हणतील. नोको भाऊ. पोरीले तुमचे जोडलेले हात दिसत नाई, खाली घातलेल्या माना दिसत नाई. तुमी गप्प राह्यले तं तिले वाटंल, कोणीच नाई इथी. तिले आईकू येते. म्हणून एकेकानं पुढं या, तिच्या डोक्यावर हात ठेवा, अन् मोठ्यानं म्हणा, "रेणू, तुह्या आईनं काही केलं नाई."

मावशी, पयले तुमी.