नानांनी एसीला मारलेलं बूच

नवी गाडी सासऱ्याला दाखवायला नेऊ नये, माझं ऐका. मी नेली होती. पंचाण्णव-शहाण्णवची गोष्ट. आमचे सासरे, नाना, यांची जळगावजवळ ठिबकवरची केळी. जूनचा घामट उकाडा होता, मी एसी लावून मिरवत दारात पोचलो. गाडीखाली पाणी टपकत होतं. मी चहाला आत गेलो आणि नाना गेले गाडीखाली.

चहा झाल्यावर आम्ही दोघं धुळ्याला लग्नाला निघालो. नाना माझ्या शेजारी, पायात कोरे करकरीत बूट.

पारोळ्याच्या अलीकडे म्हणाले, "एसी भारी शे, जावईबापू. पाय पार गारगार!"

मी फुगलो. तेवढ्यात म्हैस आडवी आली. ब्रेक मारला, तर नानांच्या पायाखालचं पाणी उसळून त्यांच्या नडग्यांवर!

"नाना, गाडीखाली काही केलंत का?"

"नळी गळत होती. ठिबकचं बूच ठोकलं. आपल्या खिशात असतंच."

"अहो, ती गळायलाच ठेवलेली असते! एसी गार पडला की हवेतलं पाणी त्याच्यावर जमतं, ते त्या नळीतून बाहेर जातं."

उतरून बूच उपटलं. पाणी भळाभळा रस्त्यावर. नाना ओले बूट हातात धरून हळहळत बघत राहिले, बुटांसाठी नाही, पाण्यासाठी.

तेव्हापासून मी गेलो की गाडीखाली घमेलं लागायचं. ते भरेपर्यंत एसी बंद करायचा नाही.

एकदा न राहवून म्हणालो, "नाना, पेट्रोल जळतंय!"

"पेट्रोल पंपावर मिळतं, जावईबापू. पाणी कुठं मिळतं?"