काना की मात्रा

अहो पांडुरंगकाका, हे काय रंगवलंत — ‘मले मारा, पण त्याले सोडा’? कागदावर मी ‘मला’ लिहून दिलं होतं, ‘त्याला’ लिहून दिलं होतं. एकदा चुकलं तर समजू शकते, पण दोनदा? — कानाला बरोबर वाटलं म्हणून? तुमच्या कानाला वाटलं हो, पण आज सहाला तेलीबांध्याच्या हॉलमध्ये अख्खं मराठी मंडळ येणार, हा बोर्ड फोटोशेजारी लागणार — बसते, बसते. चहा नको. बरं, अर्धा.

फोटोत कोण? शांताआजी, माझ्या पणजीची मोठी बहीण. इथल्याच रेल्वे क्वार्टरातली पोरगी, सोळाव्या वर्षी नाटकवाल्यांबरोबर थेट पुण्याला — अकरा मूकपट केले, काका! घोडा पळवायची, गच्चीवरून उडी मारायची, पोस्टरवर हिचं नाव हिरोच्या वर. मग सिनेमा बोलायला लागला. पहिल्याच बोलपटात तिला हे मोठं वाक्य — लहान भाऊ बेड्यांत, ही राजासमोर उभी, कॅमेरा सुरू झाला आणि... म्हणजे, चांगलं म्हटलं तिनं. जीव ओतून म्हटलं. थेटरात लोक हसले. काहून? — का, म्हणजे. का हसले... उच्चारावरून. पुढे तिला देवीचीच कामं दिली, मुक्या देवीची — हात वर करून उभं राहायचं, बस. दोन वर्षं देवी झाली अन् परत आली रायपूरला. गंमत सांगू? त्यानंतर मरेपर्यंत मराठी बोललीच नाही. बाजारात हिंदी, घरात हिंदी, भांडण हिंदीत. आमच्याकडे आई मराठीत विचारते अन् पोट्टे हिंदीत उत्तर देतात ना, ते तिच्यापासून सुरू झालं.

म्हणून तर पुणं सोडून आले मी! सात वर्षं राहिले, सिनेमा शिकले, एका गंजलेल्या डब्यात तिची चाळीस सेकंदं सापडली. आपल्या लोकांना दाखवायचं — ही आपली बाई, माना वर करा! थांबा, मोबाइलवर आहे, ऐका — ‘मला मारा, पण त्याला सोडा.’ आवाज? तिचाच की. ‘ला’ वेगळा वाटतो? जुनी पट्टी आहे, खरखर... असे बघता काय? बरं, ते दोन ‘ला’ माझे आहेत. कॉम्प्युटरवर जोडले. तिला परत कोणी हसू नये म्हणून! तुम्हाला नाही कळणार — हॉस्टेलात पहिल्या दिवशी मी ‘मले पाणी द्या’ म्हटलं, तर वर्षभर पोरी त्याच नावानं हाक मारत होत्या, ‘ए मले, जेवायला चल’ — मले माहीत आहे ना काका, कसं वाटते ते!

...हसू नका. अख्खा गोल बाजार ऐकून राहिला.

नव्वद वर्षं ते वाक्य डब्यात जसंच्या तसं होतं, काका. जे हसले त्यांनीही कापलं नव्हतं. कापलं मी.

अहो, ते थिनर ठेवा खाली. चिंधी पण ठेवा. पुसू नका. मूळ फाइल घरी आहे, पाच वाजले, अजून बदलता येते. हव, निघतेच. चहा राहू द्या. बोर्ड बांधा — नाही, आधी ब्रश घ्या. ‘ले’ वरच्या मात्रा जरा जाड करा. दोन्ही. मागच्या रांगेतून दिसल्या पाहिजेत.