पदरावरची पाच बोटे

मी, कौशल्या चंद्रभान सोनकुसरे, वय ३९ वर्षे, धंदा घरकाम व पतीच्या हातमागासाठी धाग्याच्या कांड्या भरणे, राहणार आंधळगाव, ता. मोहाडी, जि. भंडारा, आज दि. ०७/०५/२०२५ रोजी बोलावल्यावरून पोलीस ठाण्यात येऊन समक्ष सांगते की,

मी पती, दीर नीलेश व जाऊ रीता, वय ३२, यांच्यासह एकत्र राहते. तिची नवी साडी मी मुद्दाम खराब केली, असा अर्ज रीताने माझ्याविरुद्ध दिला आहे.

रीता मोबाईलवरून साड्या मागवते. चार मागवते, चारही नेसून फोटो काढते आणि आठवड्याच्या आत परत पाठवते. नेसताना लेबल आत खोचून ठेवते, कारण ते तुटले तर कंपनी साडी परत घेत नाही. पार्सलवाल्यावर आता आमच्या गल्लीतले कुत्रेही भुंकत नाही. घरात माग असून हिला बाहेरच्या साड्या लागतात, त्याही चार दिवसांपुरत्या. ती माझ्याहून फक्त सात वर्षांनी लहान आहे, पण मला असले नखरे कधी जमले नाहीत.

दि. ०४/०५ रोजी साकोली येथे नात्यातले लग्न होते. रीता मोरपंखी साडी नेसली होती, लेबल कमरेत खोचून. मी माझी कोशाच्या रेशमाची साडी नेसले. ती पतींनी आमच्या लग्नानंतरच्या वर्षी माझ्यासाठी विणली. चौदा वर्षे मी प्रत्येक लग्नात तीच नेसते. मांडवात सगळ्या बायका रीताभोवती जमल्या. पती मला म्हणाले, "रीताले रंग खुलून दिसते." माझ्या साडीचा काठ दोन वर्षांपासून फाटला आहे. रफू करून द्या म्हटले की म्हणतात, "मागावर काम आहे, मंग पाहू."

दि. ०५/०५ रोजी सकाळी लेबलाचा दोरा तुटलेला निघाला. रीता मागाजवळ येऊन पतींना म्हणाली, "भाऊजी, एवढा दोरा सांधून द्या ना जी. गाठ नाही दिसली पायजे." पतींनी चालू माग थांबवला. चष्मा लावला, दोरा दोन बोटांत वळला आणि असा सांधला की जोड मलाही सापडला नाही. मी शेजारीच कांड्या भरत बसले होते.

त्याच दिवशी दुपारी दोनच्या सुमारास रीता झोपली असताना मी पिशवीतून साडी काढली व पदराला हळदीकुंकू लावले. आमच्याकडे नवीन कापड नेसण्याआधी त्याच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचे बोट लावतात. साडी परत पाठवायची असते म्हणून रीता लावत नाही. कोपऱ्याला एक बोट पुरते. मी पदराच्या मधोमध पाच लावली. हळद पाण्यात कालवून घेतली होती.

दि. ०६/०५ रोजी साडी न्यायला आलेल्या माणसाने डाग पाहून ती घेतली नाही. रीता रडायला लागली. म्हणाली, "ताई, हे काहून केलं जी?" मी म्हणाले, "नव्या कापडाले लावतेत." त्यावर तिने अर्ज केला.

आज येताना पतींनी मला सांगितले, "रीत म्हणून लावलं म्हण, मिटून जाते." जमादारसाहेबही तसे लिहून घ्यायला तयार होते. पण ते खोटे आहे. हळद निघत नाही हे मला माहीत होते. मी हे जळून केले. साड्या रीताने शंभर मागवाव्यात. माझ्यासाठी तो माग कधी थांबला नाही.

हा जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर लिहिला आहे. 'जळून' हा शब्द काढायचा का, असे विचारले असता राहू द्या म्हणून सांगितले. माझे पती बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांनाही हा एकदा मोठ्याने वाचून दाखवावा, ही विनंती.