चष्म्यातलं 'येतो'

सिंधु : तेच साल, काकू. आमच्या ऋतुजाचं लग्न झालं, त्याच साली बजरंगला त्या चष्म्याच्या क्लासला घातलं. बहिणीच्या मांडवात दिवसभर पाव्हण्यांकडं पाठ करून बसला होता. चोवीस वर्षांचा बाप्या.

नागम्मा : लातुरात लोक पोरांना डॉक्टर व्हायचा क्लास लावतात. तू बोलायचा लावला.

सिंधु : हाव. जन्मापासून स्वमग्न हाय तो. माणसाच्या तोंडाकडं बघायचं म्हटलं की बावरतो. तो मोठा चष्मा चढवला की आत खोटं घर दिसतं, खोटी माणसं. दार वाजवायचं, बसायचं, चहा घ्यायचा, निघताना 'येतो' म्हणायचं. कितींदा चुकलं तरी आतली माणसं वैतागत न्हाईत.

नागम्मा : बरी हायत. बाहेर अशी मिळत न्हाईत.

सिंधु : म्हणून तर गलती झाली. गुरुपादप्पा काका गेले, तवा आम्ही भेटायला आलो. सगळे गुमान उठून निघाले अन् हा उंबऱ्यात थांबून मोठ्यानं म्हणाला, 'येतो'. मेले मी तिथंच. दुखवट्याच्या घरात कुणी 'येतो' म्हणतं का? पुन्हा तसंच येणं व्हावं म्हटल्यासारखं. तुमचा बसवराज किती भडकला.

नागम्मा : भडकला अन् दिवसकार्य उरकलं तसा पुण्याला गेला. आता फोनवर भडकतो.

सिंधु : त्याचीच माफी मागायला आले. अन् बजरंग दर गुरुवारी इथं येतोय, हे कालच कळलं मला. मी समजायची, क्लासलाच उशीर होतो.

नागम्मा : क्लास सुटला की येतो. दार वाजवतो, बसतो. मी चहा करते. तो पंख्याकडं बघतो, मी रस्त्याकडं बघते.

सिंधु : तरास देत असल.

नागम्मा : कसला तरास? भूकंपात किल्लारीकडचं माझं माहेर गेलं, तवा किती माणसं भेटून गेली. न बोलता उठली, रीतच हाय तशी. परत कोण आलं? ह्यांच्या वेळीबी तेच. वरच्या खोल्या क्लासच्या पोरींना दिल्या, त्या दार लावून अभ्यास करतात. येतो म्हणून खरंच आला, तो तुझा एकटा.

सिंधु : बसवराज म्हणतो, त्याला येऊ देऊ नका. मीबी क्लासच्या मुग्धाबाईंना सांगितलं. त्या आता चष्म्यात दुखवट्याचं घर बनवून राहिल्यात. तिथनं गप निघायचं शिकवणार.

नागम्मा : शिकव की. चार माणसांत राहायचंय त्याला.

सिंधु : मग रागावल्या न्हाई ना?

नागम्मा : गुरुवार तेवढा बंद करू नको, अव्वा. बसवराजला मी बघते.

(पुढल्या वर्षी, मुग्धाबाईंच्या केंद्रात.)

मुग्धा : सिंधुताई, दुखवट्याच्या घराचा धडा पक्का झाला बरं का. हात जोडतो, बसतो, न बोलता उठतो. एकदाही चुकत नाही.

सिंधु : खऱ्या घरातबी न्हाई चुकला. बसवराज म्हणाला, शहाणा झाला की हा.

मुग्धा : कधी गेला होता?

सिंधु : परवा. सगळ्यांसंगं उठला. चप्पल घातली. तोंड उघडलं होतं त्यानं, मी बघितलं. मग मिटलं अन् माझ्या मागं चालायला लागला.

मुग्धा : अहो, छान की. हेच तर हवं होतं आपल्याला.

सिंधु : हाव. मीच सांगितलं होतं तुम्हाला.

मुग्धा : मग आज असा बसलाय का? चष्म्याला हातही लावला नाही. गुरुवारी इथून एका घरी जातो ना तो?

सिंधु : वर्षभर एक गुरुवार चुकवला न्हाई त्यानं. आता कुठं जायचं ते मला सांगता येईना त्याला.

मुग्धा : का? काय झालं?

सिंधु : नागम्मा काकू गेल्या, बाई. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी.