जिताड्याचं डोकं

हौसा : आन् तू तिला गाडी आडवी लावू दिलीस? बाप हायेस का बाहुला?

हरेश : आये, मी आंघोळीला गेलेलो. भायेर येतो तर तळ्याच्या वाटेवर हिची स्कुटी, तिच्यामागं मातीचे दोन डंपर. कळंबोलीवरून आलेत ते.

प्रांजल : थांबू देत. चावी माझ्या खिशात आहे.

हौसा : बी.एस्सी. केलंस ते वाट अडवायला? आपल्या गव्हाण गावात कोणच्या घरची पोर अशी उभी राह्यली ती सांग.

प्रांजल : बांध फुटला तेव्हा तू उभी राहिलेलीस. पप्पाच सांगतात.

हौसा : मी चिखलात उभी राह्यले. स्कुटीवर नाय.

हरेश : आये, तळं बुजवायचं तूच बोललीस. पार्किंग नाय म्हणून आपल्या हॉलची लग्नं उलव्याला जातात.

हौसा : बोलले. पण तुझ्यासाठी नाय. उद्या ही पोर नि हिचा भाऊ बसल्या जागी खातील म्हणून बोलले. चिखलाच्या पाट्या वाहून माझ्या टाळूचे केस गेले. हिच्या डोक्यावर पाटी नको.

प्रांजल : माझ्यासाठी करतेस, तर मला विचारायचं ना, आजी.

हौसा : तुला जन्माला घालताना विचारलं नाय, आन् तळं बुजवताना विचारू?

प्रांजल : आता बुजवता येणारच नाही. मी त्यात पिल्लं सोडलीत.

हरेश : कसली पिल्लं?

प्रांजल : जिताड्याची. मोरा बंदरावरच्या सोनाबाईंनी खाडीत जाळं टाकून धरून दिली. कळशी पायाशी ठेवून स्कुटीवर आणली.

हरेश : झालं. आये, सांग तिला, हा खेळ नाय.

हौसा : तू गप. कवा सोडलीस गं?

प्रांजल : गणपती गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी.

हौसा : कळशी तशीच उपडी केलीस? मग मेली सगळी.

प्रांजल : नाही. कळशी तळ्यात धरून बसले. तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घेतलं. खारं जाऊन गोडं झालं, पिल्लं शांत झाली, मग तोंड तिरकं केलं. आपापली गेली.

हौसा : हे कोणी शिकवलं?

प्रांजल : तूच. मी फ्रॉकात होते तेव्हा. तुला वाटतं मी ऐकत नाही.

(वाटेवरून भोंगा वाजतो.)

हरेश : आये, डायवर खोळंबलेत.

हौसा : हरेश, आपल्या घरची रीत काय?

हरेश : आता रीत काढू नको.

हौसा : बोल.

हरेश : जो पिल्लं सोडील, मासा निघीपर्यंत तळं त्याचं.

हौसा : आन् मासा निघाल्यावर?

हरेश : डोकं त्याच्या ताटात.

हौसा : तुझ्या आजाच्या वाटण्या झाल्या तवा पाटा एकाकडं नि वरवंटा दुसऱ्याकडं गेला. पण पिल्लं होती तवर तळ्याला कोणी हात लावला नाय. आता तू लावणार?

हरेश : मासा व्हायला दोन-तीन वर्सं जातील. गाड्या कुठं लावायच्या?

हौसा : लांब लावतील नि चालत येतील. आमची वऱ्हाडं होडीनं जायची, कोणाची नवरी बुडली नाय. मी हिच्यासाठी जागा करत होते, हिनं आपली आपण धरली. माझीच नात हाय ही, तुझ्यावर नाय गेली.

हरेश : मग माती परत धाडू?

हौसा : परत कशाला? खाडीकडून बांध खचलाय, तिकडं ओतायला सांग. भरती यायच्या आत. प्रांजल, स्कुटी काढ, मातीला वाट दे. आन् पडवीतली पाटी घे.

प्रांजल : माझ्या डोक्यावर पाटी नको होती ना?

हौसा : आपल्या तळ्यासाठी चालते.

प्रांजल : आजी, पहिला मासा निघेल त्याचं डोकं तुला वाढीन.

हौसा : असले तर खाईन. नसले तर पुढची पिल्लं जो सोडील त्याला वाढ.