हसणाऱ्या घरची सगुणा

सन्माननीय अध्यक्ष रावसाहेब, व्यासपीठावरील कमिटीचे सभासद, चिटणीस प्रभाकरपंत, कल्याणातील सभ्य गृहस्थहो, डाव्या हाताला दाटीने बसलेल्या भगिनींनो आणि माझ्या मुलींनो,

निरोप घेणाऱ्या बाईने चार गोड शब्द बोलून खाली बसावे, अशी अपेक्षा असते. कॉन्व्हेंटातल्या मदरनी मला गोड बोलणे शिकवले नाही. ताठ उभे राहणे आणि स्पष्ट बोलणे शिकवले. अध्यक्षांनी मघाशी माझ्या अनेक थोर कार्यांचा उल्लेख केला. त्यांतली निम्मी मी केलेलीच नाहीत, आणि या शाळेत मला जे सर्वांत मोलाचे वाटले ते त्यांत आले नाही. ते मी सांगते.

शहाडचे काळुराम आणि रंगूबाई मागे खांबापाशी बसले आहेत. पुढे बोलावले तरी येत नाहीत. भातशेती करणारे घर. त्यांची सगुणा तान्ही असल्यापासून मध्येच हसू लागते. आनंदाने नव्हे. नजर एकीकडे खिळते, चेहरा पांढरा पडतो आणि हसू आपले येतच राहते. थांबले की पोर दमून पाणी मागते. आपण हसलो हे तिला ठाऊकही नसते. कोणी म्हणाले बाहेरची बाधा, कोणी म्हणाले घरात वळण नाही. शेवटी मुंबईच्या एका डॉक्टरांनी सांगितले, हा मेंदूचा आजार, लाखात एखाद्या मुलाला होतो, आणि माझ्यापाशी यावर औषध नाही. खरे बोलणारा डॉक्टर! मला तो आवडला.

शेजारच्या धोंडीबाची आई वारली. माणसे भेटायला बसलेली, आणि सगुणा हसली. लोकांनी त्या तिघांना दारातून हाकलले. पुढे एकदा देवळात कथा ऐन रंगात आली असता ती पुन्हा हसली. तेव्हा काय झाले असेल? काळुरामही खदाखदा हसले!

मी त्यांना विचारले, “अहो काळुराम, हे काय?”

“बाई, सगला घर हासला त कोनाला कलंल पयला कोन हासला? शिव्या मंग मना बसतील. पोरीला नाय.”

रंगूबाईंना खोटे हसता येत नाही. त्या पदर तोंडावर धरून रडतात. “खांदं हालतान ना, बाई? लांबून सारखाच दिसतं.”

गावाने त्यांना ‘हसरे’ म्हणून नाव ठेवले आणि बोलावणी बंद केली. मी विचारते, देवळाच्या पायरीवर पिचकाऱ्या टाकणाऱ्यांची बोलावणी कधी कोणी बंद केली आहेत का? नाही. कारण ते प्रतिष्ठित! खाली बघू नका, मी नावे घेत नाही.

सगुणा शाळेत आली तेव्हा मी वर्गाला तिचा आजार सांगितला, आणि तिच्या घरची रीतही सांगितली. मग राणीच्या ज्युबिलीच्या साली परीक्षा घ्यायला डेप्युटीसाहेब आले. मोठे करारी गृहस्थ. त्यांनी विचारले, “गंगा कोठे उगम पावते?” आणि सगुणा हसली. साहेब लालबुंद. तेवढ्यात तिच्या शेजारची शकू, वकिलांची मुलगी, हसली. मग सगळा वर्ग. मग मी. साहेबांनी पागोटे चाचपले, कोटाची बटणे तपासली, मागे वळून भिंत पाहिली आणि अखेर तेही हसले. त्यांनी शेरा दिला, मुली आनंदी आहेत, शिस्त बेताची. इतका खरा शेरा आमच्या शाळेला पुन्हा मिळाला नाही.

तीच सगुणा आज मोठी झाली. सोयरीक जमली नाही, काळुराम म्हणतात, “बरा झाला, शालंला बाई मिलली.” मी जाताना तिला बिगरीच्या वर्गावर नेमावे, असे सुचवले. कमिटीत गहजब! शेतकऱ्याची पोर, त्यातून आजारी. प्रभाकरपंत म्हणाले, “शिकवताना हसत सुटली, तर लहान मुली घाबरतील. मी स्वतः येऊन पाहीन, मग ठरवू.”

काल सगुणा बिगरीच्या वर्गावर शिकवून पाहत होती, तेव्हा ते आले. दारात उभे राहिले. सगुणा फळ्यावर अक्षर गिरवत होती आणि तिला हसू आले. खडू हातातून पडला. बिगरीतल्या चिमण्या घाबरल्या? छे! सगळ्या हसू लागल्या. मालन नावाची एक चिमुरडी उठली, तांब्या भरून आणला, आणि दारातल्या चिटणिसांना कमरेवर हात ठेवून म्हणाली, “तुमी का नाय हसत? बाईंना वाईट वाटंल ना!”

आणि मंडळी, प्रभाकरपंत हसले. त्यांचे हसणे फार वाईट आहे. सरावाने सुधारेल, कारण सोमवारपासून सगुणाबाई बिगरीच्या वर्गावर रुजू होत आहेत, आणि चिटणिसांना तिथे वरचेवर जावे लागणार आहे.

मी समाधानाने जात आहे. आपण एवढा वेळ एका बाईचे बोलणे ऐकून घेतलेत, त्याबद्दल आभार मानते. बोलण्याच्या भरात कोणाला लागले असेल, तर मोठ्या मनाने मला क्षमा करावी. सगुणेला मात्र कोणी क्षमा करू नये. तिने काही केलेले नाही.