डाव्या हाताचा चाकू

द्या इकडे — अहो, तसा नाही मिटत तो, बोट काढा, जावईबापू, बोट काढा आधी! आत ती बारीक पट्टी दिसतेय ना, ती अंगठ्याने बाजूला सारायची, पात्याची पाठ मांडीला टेकवायची आणि ढकलायचं — हं, मिटला. कापलं नाही ना? नाही. नशीब. मी चहा टाकायला आत वळले आणि तुम्ही टेबलावरचा चाकू उचललात — खिशात घालायलाच ना? नका मान हलवू. तुमच्या बायकोने पाठवलंय. ‘आईची तब्येत बघून या, आणि येताना तो चाकू घेऊन या, तिला कळू देऊ नका’ — असंच ना? माझ्या पोटची पोर आहे, मला तोंडपाठ आहे ती. तुम्ही बिचारे मधल्या मधे सापडलात. जावई म्हणून तुमचा मान आहे, तो मी साखर जास्त घालून राखीन — पण चाकू नाही देणार.

बसा, हा घ्या चहा. आलात तर बघून जा. हा उजवा हात — अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून बसलाय मांडीवर, पाहुण्यासारखा. डॉक्टर म्हणाले, हळूहळू सुधारेल. सुधारतोय, त्याच्या मर्जीने. पण तोवर मी काय करू? साधा घडीचा चाकू एका हाताने धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या नखाने उघडायचा — दुसरा हात आणू कुठून? सुरुवातीला दातांनी उघडत होते. हो, दातांनी! तोंड का वाकडं करताय? कात्री म्हणाल, तर ती उजव्या हातासाठी केलेली, डाव्यात धरली की कापड नुसतं दुमडतं. म्हणून हा आणला. पात्याला ही खुंटी आहे, ती अंगठ्याने ढकलायची, पातं जरा हललं की पुढचं काम आतली स्प्रिंग करते — हे बघा — खट्! दचकलात? तुमची बायकोही अशीच दचकली. म्हणाली, आई, हा गुंडांचा चाकू आहे. म्हटलं, मग मी गुंड!

थांबा, नीट उघडला नाही. बघितलंत, अर्ध्यावर रेंगाळला? काल पातं डुगडुगत होतं, म्हणून मुळाशी असलेला स्क्रू आवळला, तो जरा जास्तच आवळला गेला. सैल सोडला तर पातं हलतं, आवळला तर स्प्रिंगला जोर पुरत नाही. तुम्ही हात लावू नका. मी करते. असा गुडघ्यांत दाबायचा — मिटलेला हं, उघडा नाही, एवढी अक्कल आहे मला — आणि ही चावी डाव्या हाताने किंचित मागे. अगदी किंचित. आता तेलाचा एक थेंब. हे शिलाई मशीनचंच तेल, परवाच नवी बाटली — म्हणजे, होती घरात. जुनी. आता बघा — खट्! कसा सुटला! वर नेलपॉलिशचा एक ठिपका लावला की स्क्रू जागचा हलत नाही. तुमच्या लेकीची बाटली आहे, गुलाबी. विसरून गेली होती इथे, आता मागायची नाही.

आणि तुमच्या बायकोने काय केलं माहितेय? माझ्या घरात येऊन माझ्याच सुऱ्या वरच्या फळीवर ठेवल्या, माझा हात पोचणार नाही अशा, आणि मला प्लास्टिकची सुरी दिली. प्लास्टिकची! केकबरोबर येते ना, तसली. उभा जन्म मी गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवली, रेक्झिनचे ताके फाडले, ती पोर त्याच ताक्यांवर झोपून मोठी झाली, आणि आता मी केळं कापायचं प्लास्टिकच्या सुरीने? तिला वाटतं, आई कापून घेईल. अहो, ओढणी गळ्याला आवळली तेव्हा कोण आलं धावून? डॉक्टर? ती? हाच आला, हा गुंडांचा —

...काही नाही. चहा घ्या, गार होतोय.

कुठली म्हणजे? ओढणी हो. अडकली होती एकदा. दारात. दारात म्हणजे — छे, तुमच्याशी खोटं बोलणं अवघड आहे. मशीनमध्ये. हो, त्याच मशीनमध्ये, चादरीखालच्या. विकायला काढलीय म्हणून तिला सांगितलं होतं, नाही काढली. चालवते मी. सरळ शिवण एका हाताने येते, वाकडी येत नाही, म्हणून मी सरळच कामं घेते. त्या दिवशी रीळ पडलं, उचलायला वाकले, आणि ओढणीचं टोक मोटरच्या पट्ट्यात गेलं. मशीन चालूच. थांबवायची कशी? उजवा पाय पॅडलवर — तो माझं ऐकतो कुठे, धोंड्यासारखा दाबून बसला. बटण उजव्या अंगाला, आणि उजवा हात हा असा. मान खाली खाली जातेय, डोळ्यांपुढे काळोख, आणि मला एकच कळत होतं, की एप्रनच्या खिशात चाकू आहे. काढला, अंगठा मारला — साधा असता तर उघडलाच नसता, जावईबापू. तुम्ही तेराव्याला आला असतात.

मग बसले जमिनीवर. आणि तिला फोन लावला. का लावला कोण जाणे. तिने उचलला, म्हणाली, आई, धाप का लागलीय? म्हटलं, जिना चढले. भाजी काय केलीस आज? तिने सगळं सांगितलं, मसाला कुठला घातला तेही. मी ऐकत राहिले. रडले नाही हं. तिला ऐकू जाईल असं तर मुळीच नाही.

असे बघू नका माझ्याकडे. दुसऱ्याच दिवशी बटण डावीकडे घेतलं, इलेक्ट्रिशियन बोलावून. पॅडलसुद्धा डाव्या पायाखाली सरकवलं. ओढणी घेत नाही आता कामाला बसताना. आणखी काय करू? मशीन विकू? तुमच्याकडे येऊन खिडकीत बसू, कुणी केळं कापून देईल म्हणून वाट बघत? नाही जमणार. हात गेलाय माझा, मी नाही गेलेय.

फोन वाजतोय तुमचा. तिचाच ना? ‘मिळाला का’ विचारायलाच केलाय. नका कापू — आणि तुम्ही काही सांगू नका, तुम्ही सांगाल तर निम्मं गाळाल, निम्मं वाढवाल. द्या इकडे फोन.

हं. नाही गं, मी बोलतेय. चाकू माझ्याकडेच आहे, आणि राहणार आहे. आधी खाली बस, तुला एक सांगायचंय — नाही, तब्येत ठीक आहे. बस म्हटलं ना! ...जावईबापू, तुम्ही जरा बाहेर जाऊन उभे राहा.